जड गाडी आणि टायरची पारख

आपल्या वार्षिकांकात कविता, ललित लेख आणि प्रवासवर्णने यांना कधी तोटा नसतो. त्यांच्या पंगतीला टायरवरचा लेख बसलेला पाहून काही वाचकांच्या कपाळावर आठी पडेल. परंतु मजकूर वाचून त्याचा अर्थ लावणे हेच जर कला शाखेचे काम असेल, तर टायरच्या कुशीवर उठवलेला मजकूर आपण का वाचू नये? तो जेमतेम दीड-दोन ओळींचा असतो. गाडीचा मालक तो वाचत नाही, पुष्कळदा विकणाराही पुरता वाचत नाही, आणि परिणाम मात्र गाडीत बसलेल्या सर्वांना भोगावे लागतात.

हा लेख सर्वच गाड्यांविषयी नाही. ज्यांना आज एसयूव्ही म्हणतात त्यांतल्या जड आणि महागड्या गाड्या, म्हणजे मर्सिडीजची जीएलएस, ऑडीची क्यू सेव्हन, रेंज रोव्हर, टोयोटाची लँड क्रूझर, यांच्यापुरता तो आहे. मारुतीची आल्टो ८०० पाऊण टनाच्या आसपास भरत असे. वरच्या यादीतल्या गाड्या रिकाम्याच दोन ते अडीच टनांच्या असतात आणि माणसे, सामान घेऊन तीन टनांच्या पुढे जातात. नव्या गाडीबरोबर कारखान्याने निवडून दिलेले टायर येतात, तेव्हा कोणाला डोके चालवावे लागत नाही. प्रश्न उभा राहतो तो काही वर्षांनी, दुसरा संच घेताना.

एवढे धूड जमिनीवर टेकते तरी किती जागेवर? गणित सोपे आहे. टायरमधल्या हवेचा दाब आणि जमिनीला टेकलेले क्षेत्रफळ यांचा गुणाकार केला की त्या चाकावरचे वजन स्थूलमानाने निघते. अडीच टनांच्या गाडीच्या एका चाकावर सरासरी ६२५ किलो येतात. हवा ३६ पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे अडीच किलो असेल, तर टेकलेली जागा भरते २५० चौरस सेंटिमीटर. आपले पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद. म्हणजे एका चाकाखाली दोन पोस्टकार्डे. चारही चाकांची मिळून आठ पोस्टकार्डे. गाडीची किंमत कोटीच्या घरात असो, ती वळते, थांबते आणि घाट उतरते ती या आठ पोस्टकार्डांच्या भरवशावर.

सर्वसाधारण समज असा की हे वजन रबर पेलते. वास्तविक ते पेलते हवा. रबर, त्यातील पोलादी तारांचे पट्टे आणि धाग्यांची चौकट यांचे काम त्या हवेला आवरून धरण्याचे. टायर फिरताना जमिनीला टेकणारा भाग दर फेऱ्याला दबतो आणि पुन्हा सरळ होतो. वीस इंची मोठ्या टायरचा घेर जवळजवळ २ मीटर ४६ सेंटिमीटर असतो. ताशी १२० किलोमीटर वेगाला तो मिनिटाला आठशेहून जास्त फेरे घेतो. दबताना खर्च झालेली शक्ती रबर सगळीच्या सगळी परत देत नाही. उरलेल्या अंशाची उष्णता होते. वजन जास्त, हवा कमी, वेग जास्त, ऊन जास्त, यांतली प्रत्येक गोष्ट त्या उष्णतेत भर घालते. रबर तापून दुबळे झाले की पोलादी पट्ट्यांच्या कडांपाशी त्याची पकड सुटू लागते, आणि शेवटी वरचा थर सालीसारखा निघून येतो. आपण ज्याला सरसकट ‘टायर फुटला’ म्हणतो, त्यातले बरेच प्रकार या सोलून निघण्याचे असतात.

याचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेत घडले. फोर्ड कंपनीने १९९० साली एक्सप्लोरर नावाची गाडी बाजारात आणली. ती फार आलिशान नव्हती, पण उंच आणि वजनदार होती, व कुटुंबाची गाडी म्हणून अफाट खपली. तिच्यावर फायरस्टोनचे पंधरा इंची टायर बसवलेले असत. २००० सालच्या फेब्रुवारीत ह्यूस्टनच्या एका दूरचित्रवाणी केंद्राने या टायरांचे थर सुटून गाड्या उलटल्याच्या घटना उजेडात आणल्या, आणि ऑगस्टमध्ये फायरस्टोनला सुमारे ६५ लाख टायर परत बोलवावे लागले. मृतांची संख्या पुढे २७० च्या वर गेली. अपघातांचा मोठा भाग टेक्सस, फ्लोरिडा, ॲरिझोना, कॅलिफोर्निया अशा उष्ण राज्यांतला होता. फायरस्टोनच्या इलिनॉय राज्यातील डिकेटर येथील कारखान्यात बनलेल्या टायरांवर विशेष संशय घेतला गेला, व टायरच्या खांद्याच्या रचनेतही दोष दाखवण्यात आला. पण माझ्या दृष्टीने यातली खरी बोधाची बाब हवेची आहे. फोर्डने या गाडीसाठी २६ पौंड हवा सुचवली होती. टायर परत बोलावल्यानंतर फायरस्टोनने ३० पौंड भरा असे सांगितले. फोर्ड म्हणे दोष टायरचा, फायरस्टोन म्हणे दोष गाडीचा. या भांडणात दोन घराण्यांचा जवळजवळ शंभर वर्षांचा व्यापारी संबंध २००१ च्या मे महिन्यात तुटला, आणि फोर्डने स्वतःच्या खर्चाने आणखी १ कोटी ३० लाख टायर बदलून देण्याचे जाहीर केले. या प्रकरणातूनच अमेरिकेत नवा कायदा झाला, आणि टायरची हवा २५ टक्क्यांनी उतरली की चालकासमोर दिवा लागलाच पाहिजे अशी सक्ती पुढे आली. आज आपल्याकडच्या महाग गाड्यांत तो पिवळा दिवा दिसतो, त्यामागे एवढा इतिहास आहे.

हे सारे परदेशातले म्हणून सोडून देण्यासारखे नाही. जड गाडी, उतरलेली हवा, प्रखर ऊन आणि तासन्‌तास एकसारखा वेग ही चौकडी आता आपल्याकडेही जमू लागली आहे. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण खुला झाला. त्यावर मोटारींना सपाट भागात ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, आणि विदर्भाच्या उन्हाळ्याबद्दल आपल्याला कोणी सांगायला नको. जुन्या रस्त्याने जाताना गावे, खड्डे, ट्रकांच्या रांगा आणि चहाच्या टपऱ्या यांमुळे टायरला सक्तीची विश्रांती मिळत असे. ती आता मिळत नाही.

आता मजकुराकडे वळू. मोठ्या मर्सिडीजच्या टायरवर साधारण असे लिहिलेले आढळते : २७५/५० आर २० ११३ डब्ल्यू, आणि पुढे एक्सएल. यातले २७५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. ५० म्हणजे टायरच्या कुशीची उंची रुंदीच्या ५० टक्के. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी. आणि २० म्हणजे रिमचा इंचातला व्यास. दुकानदार आणि गिऱ्हाईक येथपर्यंतच वाचतात, कारण टायर रिमवर बसतो की नाही ते एवढ्यावरून ठरते. पण जड गाडीचे खरे मर्म पुढच्या ‘११३’ मध्ये आहे. हे वजन नव्हे, वजनाचा क्रमांक आहे. त्याचे कोष्टक ठरलेले आहे. १०० म्हणजे ८०० किलो, १०५ म्हणजे ९२५, १०९ म्हणजे १०३० आणि ११३ म्हणजे ११५० किलो. एका टायरने जास्तीत जास्त एवढे पेलावे. शेवटचे अक्षर वेगाचे : ‘एच’ म्हणजे ताशी २१०, ‘व्ही’ २४०, ‘डब्ल्यू’ २७० किलोमीटर. या अक्षराचे फार कौतुक होते. आपल्या रस्त्यांवर २४० आणि २७० यांतला फरक कोणाच्या अनुभवाला येणार आहे? गाडीच्या पुस्तिकेत जे अक्षर आहे ते पाळावे हे उत्तम, परंतु वेगाच्या अक्षराचा अभिमान बाळगून वजनाच्या आकड्यात तडजोड करणे हा शुद्ध उलटा व्यवहार होय.

ही तडजोड कशी होते ते टायरच्या दुकानात थोडा वेळ बसले की कळते. २७५/५० आर २० याच मापात १०९ अंकाचा साधा टायरही असतो.

‘साहेबांना सांगा, साइज तीच आहे, आणि स्वस्तात पडतोय.’

‘पण शेठ, ह्याच्यावर एकशे नऊ लिहिलंय. जुन्यावर एकशे तेरा होतं.’

‘अहो भाऊ, ते नंबर कंपनीचे असतात. रिमवर बसतोय ना? मग झालं!’

यात दुकानदार ‘शेठ’ आहे, ‘भाऊ’ हा ड्रायव्हर आहे, आणि ‘साहेब’ जागेवर नाहीत. आपल्याकडे अशा गाड्या मालक क्वचितच स्वतः चालवतात. टायरचा सौदा फोनवर मालक आणि दुकानदार यांच्यात होतो. स्टिअरिंगमागे आयुष्य काढणाऱ्या माणसाचे मत त्यात धरले जात नाही. वरच्या संवादात मजकूर वाचणारा एकटा तोच होता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

कोणी हिशोबी वाचक म्हणेल, गाडी भरून सव्वातीन टनांची, मागच्या चाकावर फार तर ९०० किलो. मग १०३० किलोंचा टायर का पुरू नये? शंका रास्त आहे. तिचे उत्तर असे की टायरवरचा आकडा ठरावीक हवेच्या दाबाशी बांधलेला असतो. ‘एक्सएल’ म्हणजे जादा भार पेलणारी बांधणी. तिचे ११५० किलो मिळतात ते सुमारे ४२ पौंड हवेला. त्याच टायरमध्ये ३६ पौंड हवा ठेवली की क्षमता १०२० किलोंच्या आसपास येते, म्हणजे साध्या टायरइतकीच. ३० पौंडांवर ती पावणेनऊशे किलोंवर घसरते. म्हणजे साडेअकराशे किलोंचा दिमाखदार टायर घेऊनही, हवा ३० पौंड असेल तर ९०० किलोंच्या चाकाला तो अपुरा ठरला! १०९ चा साधा टायर घेतला, तर एवढी हवा उतरण्याआधीच शिल्लक संपते. शिवाय ९०० हा आकडा सपाटीवर उभ्या गाडीचा. वळणावर बाहेरच्या बाजूच्या चाकांवर आणि ब्रेक लावताना पुढच्या चाकांवर भार झुकतो, खड्ड्यात तो क्षणभर कितीतरी वाढतो. अमेरिकेच्या नियमात तर मोटारीच्या वर्गातला टायर अशा उंच बहुपयोगी गाडीला लावायचा असेल तर त्याच्या क्षमतेला १.१ ने भागून उरेल तेवढीच हिशोबात धरावी लागते. तेव्हा गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या आकड्यापेक्षा वरचा चालेल, खालचा कधीही नाही. आणि हवा किती भरायची ते टायरवर वाचायचे नाही. तेथे असते ती कमाल मर्यादा. खरा आकडा चालकाच्या दरवाज्याच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत चिकटवलेला असतो, बहुधा दोन रकान्यांत : थोडी माणसे असताना एक, पूर्ण भरलेली असताना दुसरा. लग्नाला सात माणसे आणि बॅगा घेऊन निघताना दुसरा रकाना पाहणारी किती माणसे असतील, देव जाणे.

वजनाच्या आकड्यानंतर पाहायचे ते वय. कुशीवर ‘डीओटी’ या अक्षरांनंतरच्या मजकुराच्या शेवटी चार आकडे असतात. २३२४ असेल तर टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. हे चार आकडे पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असतात, आणि बसवताना ती बाजू आत गेली की गाडीखाली वाकल्याशिवाय ते दिसत नाहीत. म्हणून बसवण्यापूर्वीच पाहावेत. रबर पडून राहिले तरी म्हातारे होते. हवेतला प्राणवायू त्याला कडक करत नेतो. ऊन आणि ओझोन यांनी बारीक भेगा पडतात. मोठ्या मापाच्या टायरांचे गिऱ्हाईक मुळात थोडे, त्यातून २०२० च्या जूनमध्ये केंद्र सरकारने टायरच्या आयातीवर परवान्याचे बंधन घातले. त्यामुळे या मापांत निवड मर्यादित असते आणि दुकानाच्या माळ्यावरचा जुना माल नवा म्हणून पुढे येण्याचा संभव अधिक. माझ्या मते वर्षाहून जुना टायर पूर्ण किमतीला घेऊ नये. वापरात पाच वर्षे झाली की दरवर्षी तपासणी आणि नक्षी शिल्लक असली तरी दहा वर्षांनी निवृत्ती, असे अनेक टायर कंपन्याच सांगतात. काही मोटार कंपन्या तर सहा वर्षांची मर्यादा घालतात. ज्या घरातली मोठी गाडी वर्षाला चार-पाच हजार किलोमीटरच फिरते, त्या घरात हा धोका जास्त, कारण टायर दिसायला कोरा करकरीत असतो. भारतात विकल्या जाणाऱ्या टायरवर आय.एस.आय. चिन्ह हवे, तेही येथेच पाहून घ्यावे.

जुन्या बाजारात मिळणाऱ्या टायरांविषयी दोनच शब्द. गुळगुळीत टायरवर तापलेल्या हत्याराने नव्या चऱ्या कोरून तो विकण्याचा धंदा चालतो. चऱ्या खोल करण्यासाठी जे रबर काढतात ते पोलादी पट्ट्यांवरचे शेवटचे पांघरूण असते. अडीच टनांच्या गाडीला असा टायर लावण्यापेक्षा गाडी घरी उभी ठेवावी.

चारही टायर एकदम बदलावेत की दोनच? खर्चाचा प्रश्न आहे, म्हणून येथे थोडे थांबू. यांतल्या बहुतेक गाड्या चारही चाकांना ओढ देणाऱ्या असतात. नव्या टायरची नक्षी सुमारे ८ मिलिमीटर खोल असते. कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर. म्हणजे झिजलेल्या टायरचा व्यास नव्यापेक्षा जवळजवळ १३ मिलिमीटरने कमी. वरच्या मापात नवा टायर किलोमीटरला ४०६ च्या आसपास फेरे घेतो, झिजलेला ४१३. दर किलोमीटरला सहा-सात फेऱ्यांचा हा फरक पुढच्या आणि मागच्या आसांना जोडणाऱ्या यंत्रणेला सोसावा लागतो, आणि ती तापून झिजते. तिच्या दुरुस्तीच्या खर्चापुढे वाचवलेल्या दोन टायरांची किंमत काहीच नाही. म्हणून चारही एका जातीचे, एका वेळचे असावेत. काही कारणाने दोनच घेणे भाग पडले आणि गाडीची पुस्तिका तेवढा फरक चालवून घेत असेल, तर नवे टायर मागे लावावेत. पुष्कळांना हे उलटे वाटते. पण ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरली तर गाडी सरळ पुढे सरकते, हे चालकाला हातात जाणवते आणि वेग कमी करता येतो. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते आणि सावरायला वेळ उरत नाही. १.६ मिलिमीटरची वाट पाहणेही आपल्या पावसात परवडणारे नाही. रुंद टायरखालून पाणी निसटायला जागा लागते, ती नक्षीच्या चऱ्यांत असते. ३ मिलिमीटर उरले की जड गाडीचा संच बदलावा असे माझे मत आहे.

मोठ्या रिमांचा शौक हा वेगळाच विषय. वीस इंचांऐवजी बावीस-तेवीस इंची रिम लावली की बाहेरचा व्यास तोच ठेवण्यासाठी टायरची कूस आखूड करावी लागते. गाडी झोकदार दिसते यात वाद नाही. पण ती कूस म्हणजे हवेची गादी. ती पातळ झाली की खड्ड्याच्या काठावर रिम आणि दगड यांच्यामध्ये टायर चिमटला जातो, आतले धागे तुटतात आणि कुशीवर फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. कंपनीने त्याच गाडीला दोन मापांची परवानगी दिली असेल, तर आपल्या रस्त्यांसाठी लहान रिम आणि उंच कूस घ्यावी.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. टायरवर ‘एमओ’, ‘एओ’, ‘एलआर’ किंवा छोटा तारा दिसला, तर तो अनुक्रमे मर्सिडीज, ऑडी, लँड रोव्हर आणि बीएमडब्ल्यू यांनी आपल्या गाडीसाठी पसंत केलेला नमुना. मिळाला तर घ्यावा, पण त्यासाठी दोन वर्षे जुना माल घेऊ नये. युरोपातल्या टायरवर ओल्या रस्त्यावरच्या पकडीची ‘ए’ ते ‘ई’ अशी श्रेणी असते; जड गाडीसाठी मी ही श्रेणी इंधनबचतीच्या श्रेणीच्या आधी पाहीन. मातीच्या रस्त्यासाठीची जाडजूड नक्षी रुबाबदार दिसते, पण गाडी नव्वद टक्के डांबरावर आणि सिमेंटवर चालणार असेल तर ती फक्त आवाज करते आणि ओल्या डांबरावर उशिरा थांबते. नायट्रोजन भरण्याचे पैसे घेतात. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. त्या पैशांत हवा मोजण्याचे चांगले यंत्र घ्यावे आणि महिन्यातून दोनदा, सकाळी गाडी काढण्यापूर्वी, टायर थंड असताना हवा मोजावी. प्रवासात तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसते म्हणून ती सोडणे, ही पेट्रोल पंपावर सर्रास दिसणारी चूक. टायर थंड झाला की तो मूळ आकड्याच्याही खाली जातो.

राहता राहिली स्टेपनी. यांतल्या अनेक गाड्यांत ती पूर्ण मापाची नसून अरुंद, तात्पुरती असते. तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते. काही गाड्यांत स्टेपनी नसते, त्याऐवजी हवा गेल्यावरही चालणारे कडक कुशीचे टायर असतात. तेही साधारण ताशी ८० च्या वेगाने ८० किलोमीटरपर्यंतच. असे टायर काढून स्वस्तातले साधे टायर बसवले, की गाडीत ना स्टेपनी राहते ना तो आधार. हा बदल करायचा असेल तर पंक्चर काढण्याचे साहित्य आणि हवेचा छोटा पंप गाडीत ठेवावा, आणि तो आहे हे ड्रायव्हरला सांगून ठेवावे.